चाक उभ्या गाडीत मावलं म्हणजे मावलं असं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मोटार पुरवणीत स्पोर्ट्स कारला रुंद मॅग व्हील (मिश्रधातूची चाकं) बसवण्यावर जो लेख आला होता त्याचा फोटो माझ्या भाच्याने पिंपरीहून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, हे बरोबर आहे का?" लेख चांगलाच होता, फोटो तर फार सुंदर होते, आणि मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यात एक वाक्य होतं, की रुंद चाक मडगार्डला घासायला लागलं तर सस्पेन्शनची उंची दीड सेंटिमीटर वाढवून घ्यावी म्हणजे प्रश्न मिटतो. हे वाक्य वाचून मला राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय, कारण नेमकं हेच मला एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं, मी ते ऐकलं होतं, आणि त्याचा परिणाम काय होतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी मूळची पिंपरीची, गेली अकरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहते. माझे बाबा पिंपरीत व्हील अलाइनमेंटचं काम करायचे, कॉम्प्युटरवालं मशीन यायच्या आधीचं, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून बांधायची आणि स्टीलच्या पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं, फरक आला तो टो, म्हणजे चाक पुढून किती आत किंवा बाहेर वळलंय ते. शाळेतून आले की दोरीचं दुसरं टोक धरायचं काम माझं. त्यामुळे चाक आणि मोजमाप हे माझ्या डोक्यात लहानपणापासून एकत्रच आहे.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, १९९९ सालची, दुसऱ्या पिढीतली. माझदा भारतात गाड्या विकत नाही म्हणून वाचकांसाठी थोडं सांगते. दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी, वजन साधारण एक टन, पहिल्यांदा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली आणि २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म आणि खाली एक आर्म. महाग गाडी नाही, इथे जुन्या घेता येतात, आणि स्वतःच्या हाताने काम करायला यापेक्षा चांगली गाडी मला तरी माहीत नाही.

कंपनीची चाकं ६ इंच रुंद, १५ इंची, ऑफसेट ४०, त्यावर टायर १९५/५० आर १५, म्हणजे १९५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के आणि रिम १५ इंची. मी घेतली साडेसात इंच रुंद, ऑफसेट ३०, टायर २०५/५०. आता दुकानात कुणालाही विचारा, म्हणतील दीड इंचच तर वाढतंय, प्रत्येक बाजूला पाऊण इंच, त्यात काय एवढं. पण तसं नसतं. ऑफसेट म्हणजे रिमचा मध्य आणि हबला (ज्याच्यावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारी बाजू यातलं मिलिमीटरमधलं अंतर, तो ४० वरून ३० केला की अख्खं चाकच १० मिलिमीटर बाहेर येतं. मग हिशोब असा, रुंदी वाढल्यामुळे दोन्हीकडे १९-१९ मिमी वाढले, त्यात ऑफसेटचे १० बाहेरच्या बाजूला मिळवायचे आणि आतल्या बाजूचे वजा करायचे, म्हणजे बाहेर २९ मिमी आणि आत फक्त ९. बाहेर जवळजवळ तीन सेंटिमीटर! शिवाय टायरचा व्यास ५७६ वरून ५८६ वर गेला, म्हणजे टायरची वरची कड अजून ५ मिमी वर. हा हिशोब कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत होतो आणि चाकं विकत घ्यायच्या आधी करायचा असतो, एवढी एक गोष्ट जरी आपल्या लेखात चौकटीत टाकली असती तरी कितीतरी पोरांचे पैसे वाचले असते.

माझ्या गाडीला आधीच्या मालकाने कॉइलओव्हर बसवलेले होते, कागदपत्रांत त्याची नोंदही होती. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे असतात, त्यावर रिंग असते आणि रिंगवर स्प्रिंग टेकलेली असते, रिंग वर-खाली फिरवली की गाडीची उंची बदलते. गॅरेजवाल्याने नवीन चाकं चढवली, आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो, मागे डावीकडे घासल्याचा आवाज. त्याने गाडी परत लिफ्टवर घेतली, मागच्या दोन्ही रिंगा वर फिरवून गाडी दीड सेंटिमीटर उचलली, परत चक्कर, आवाज बंद. म्हणाला झालं. तीन आठवडे मी एकटी ऑफिसला जात-येत होते, काहीच झालं नाही. असे बदल केले की इथे गाडी तपासून घ्यावी लागते, त्या तपासणीची तारीख अजून मिळायची होती आणि त्याआधी तशी गाडी चालवायला नको होती, ती माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते.

चौथ्या आठवड्यात मी आणि नवरा दोन दिवसांचं सामान डिकीत टाकून श्वार्झवाल्डला, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टला निघालो. बी ५०० नावाचा डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता आहे, त्याच्यावर एका उजव्या वळणात रस्ता मध्येच खाली बसलेला, गाडी त्या खोलगटात दबली आणि मागून खर्र असा लांब आवाज आला, पुढच्या क्षणी जळलेल्या रबराचा वास. पुढे गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते ना तिथे, बोटभर लांबीची खाच गोल कापत गेलेली, आणि मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याच्या कडेवर रबराच्या काळ्या बारीक सळ्या गुंडाळी होऊन लटकत होत्या, नारळ खवताना खवणीला कीस चिकटतो तशा. वळण उजवं म्हणजे वजन डाव्या बाजूवर, त्यात दोन माणसं, सामान आणि खड्डा. अजून थोडं जास्त असतं तर टायरची भिंत फाटली असती आणि ती सुद्धा वळणात. आम्ही तिथूनच हळूहळू परत फिरलो.

गाडी उचलली होती, तरी घासली का? हेच मला वाचकांना सांगायचंय. गाडी उभी असताना चाक आणि मडगार्ड यात किती जागा आहे ते स्प्रिंग ठरवते, पण चाक जास्तीत जास्त किती वर जाणार ते स्प्रिंग ठरवत नाही, ते ठरवतो शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बंपस्टॉप. दांडा आत गेला, बंपस्टॉप दाबला गेला, की चाक थांबलं. रिंग फिरवून तुम्ही गाडी दीड सेंटिमीटर उचलली तर चाकाची सुरुवात बदलली, शेवट तोच राहिला. आधी चाक छोट्या खड्ड्यात तिथपर्यंत पोचत होतं, आता मोठ्या खड्ड्यात पोचेल, दोन माणसं आणि सामान असलं की पोचेल, पण पोचेल नक्की. म्हणजे उंची वाढवल्याने घासणं बंद होत नाही, फक्त लांबतं, आणि लांबून ते नेमकं जिथे वेग जास्त आणि गाडी भरलेली अशा जागी येऊन पडतं, हे जास्त धोक्याचं आहे.

यात एक फरक मात्र सांगायला हवा नाहीतर माझंही वाक्य अर्धवट होईल. कॉइलओव्हर दोन जातीचे असतात. एकात वर सांगितल्याप्रमाणे फक्त स्प्रिंगखालची रिंग हलते, माझे तसे. दुसऱ्या जातीत शॉकअपची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी बसवलेली असते, तिथे उंची बदलताना अख्ख्या शॉकअपची लांबी बदलते, म्हणून त्यात गाडी उचलली तर चाकाचा वरचा शेवटही खाली येतो, तिथे आपल्या लेखातला उपाय लागू पडू शकतो, पण तितकंच चाक खालच्या बाजूला जास्त लोंबकळायला लागतं आणि ब्रेकच्या पाइपला ताण बसत नाही ना हे बघावं लागतं. तुमच्या गाडीत कुठली जात आहे हे न बघता "उंची वाढवा" असा सरसकट सल्ला देता येत नाही, आणि साध्या कंपनी-फिटिंग शॉकअपवर फक्त उंच स्प्रिंग टाकली तर ते पहिल्या जातीसारखंच.

मग मी काय केलं ते सांगते, कारण भाच्याला तेच करायचंय. इथे तासाच्या भाड्याने मिळणारी गॅरेजं असतात, लिफ्ट, हत्यारं, सगळं तिथलंच, काम आपलं. पुण्यात असं कुणी सुरू केलं तर मी पहिली त्याला पत्र लिहीन. एका शनिवारी सकाळी आठला गेले, मागचा डावा शॉकअप काढला, त्याची स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि शॉकअप स्प्रिंगशिवाय परत जागेवर बसवला, बंपस्टॉप त्याच्या जागीच ठेवायचा, तो महत्त्वाचा. आता चाक चढवलं, गाडी स्टँडवर, आणि हबखाली जॅक लावून चाक हळूहळू वर ढकलत नेलं. स्प्रिंग नसल्यामुळे हाताने सहज जातं. मडगार्डच्या कडेच्या आत मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवली होती, करंगळीएवढी जाड वळी करून. चाक बंपस्टॉपला टेकलं, अजून थोडं दाबलं, बंपस्टॉप निम्म्याहून जास्त चेपेपर्यंत, मग खाली घेतलं. क्ले पूर्ण सपाट, मधोमध टायरची नक्षी उमटलेली आणि एका जागी क्ले फाटून आरपार पत्रा दिसत होता. तीन आठवडे जे "झालं" होतं ते असं होतं.

पुढच्या चाकांना हेच, पण स्टीयरिंग सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितीत, कारण तिथे चाक वळताना आतल्या बाजूने अँटीरोल बारजवळ (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) आणि मागच्या बाजूने प्लॅस्टिकच्या अस्तराजवळ जातं. आतल्या बाजूला वाढलेले ते ९ मिमी इथे नडू शकतात. लोक बाहेरचंच बघतात, आत बघायला कुणी वाकत नाही. माझ्या गाडीत पुढे निभावलं.

मागे तीन गोष्टी केल्या. पहिली, मडगार्डच्या आत जी पत्र्याची आडवी पट्टी दुमडलेली असते ती वर दुमडून घेतली, इथे ब्योर्डेल्न म्हणतात, हबला एक लांब हात आणि टोकाला रोलर असं हत्यार बोल्टने बसवायचं, हॉट एअर गनने रंग चांगला गरम करायचा म्हणजे तडकत नाही, आणि थोडं थोडं दाबत दहा-बारा फेऱ्या मारायच्या. घाई केली की रंगाला चीर जाते, आतलं सीलंट फुटतं, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे एमएक्स-५ ला मागच्या चाकाच्या कमानी आणि दारांखालचा भाग याच जागी गंज धरतो, म्हणून नंतर आतून ब्रशने रंग आणि वरून मेण मारलं. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेत हेच होणार, डेंटिंगवाल्याकडून हातोडीने कड ठोकून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट, कॅम्बर, म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकवणं, मागे अर्धा अंश वाढवून साधारण दोन अंशांवर आणला. डबल विशबोनचा एक फायदा असा की चाक वर जाताना ते आपोआप आत झुकत जातं, त्यामुळे टायरची वरची कड कमानीच्या आत शिरते, ते या गाडीच्या नशिबात आहे. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे वरचा आर्म नाही, त्याचं काम शॉकअपच करतो, त्यात असं झुकणं फार थोडं मिळतं, म्हणून एका गाडीवर बसलेला साइज दुसरीवर बसेलच असं नाही. तिसरी गोष्ट, बंपस्टॉपच्या वर १० मिमीचा गुटका घातला. छोटासा प्लॅस्टिकचा गोल तुकडा, पण चाकाचा शेवट ठरवणारी वस्तू तीच.

परत क्लेची वळी, परत जॅक. या वेळी सगळ्यात पातळ जागी ती ८ मिमी उरली. ती वळी मी अजून ठेवलीय, खिडकीत वाळून दगड झालीय. मी ५ मिमी तरी मोकळे हवेत असं धरते कारण वळणात टायरची भिंत सुद्धा बाजूला फुगते आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश दबतात.

आता उंची. आता म्हणजे सगळ्यात शेवटी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी चाकाचा वरचा शेवट पक्का केला, मग बंपस्टॉपला टेकायच्या आधी चाकाला किती प्रवास उरतो ते मोजून गाडी कितीवर ठेवायची ते ठरवलं. आपण गुटका घालून १० मिमी प्रवास खाल्लाय, त्यात गाडी जास्त खाली केली तर ती जवळजवळ बंपस्टॉपवरच बसून चालते, मग वळणात रबर टेकलं की तिथली स्प्रिंग एकदम दगड झाल्यासारखी कडक होते आणि मागच्या चाकाची पकड अचानक सुटते, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत हे फार वाईट. खाली केलेली गाडी जमिनीला चिकटून चालते असं सगळेच म्हणतात, थोडी खाली केलेली चालतेही, पण प्रवास संपलेली गाडी उड्या मारते.

उंची मोजायची ती जमिनीपासून मडगार्डपर्यंत नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली, तरी हा आकडा बदलत नाही. माझी गाडी उचललेल्या अवस्थेत मागे ३५२ मिमी होती, शेवटी ३३८ वर आणली, म्हणजे गॅरेजवाल्याने वर नेलं होतं ते जवळजवळ सगळं परत खाली, आणि तरी आता घासत नाही. पुढे ३३०. रिंग फिरवताना एक लक्षात ठेवायचं, शॉकअप आर्मच्या टोकाला नसतो, मध्ये कुठेतरी असतो, त्यामुळे रिंग १ सेंटिमीटर हलवली की गाडी सव्वा-दीड सेंटिमीटर हलते. दर वेळी गाडी खाली घेऊन, थोडी पुढे-मागे ढकलून, दाबून बसवून मग मोजायचं, लिफ्टवरून नुकती उतरलेली गाडी दोन सेंटिमीटर उंच दिसते आणि माणूस फसतो. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही ते रबरी बुश. आर्मच्या बुशमधला रबर आतल्या नळीला चिकटवलेला असतो, बोल्ट घट्ट केला की नळी जागेवर लॉक होते आणि नंतर आर्म हलला की रबर पिळला जातो. गाडीची उंची बदलली तर सगळ्या आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी नवीन उंचीवर चाकांवर उभी असताना परत घट्ट करावे लागतात. नाही केले तर रबर कायम पिळलेला राहतो, गाडी वेडीवाकडी उभी राहते आणि बुश फाटतात. माझ्या गाडीत अलाइनमेंटचे आठ लांब बोल्ट आहेत, प्रत्येक खालच्या आर्मला दोन, त्यातले तीन नळीत गंजून एक झाले होते, दोन दिवस तेल सोडून, गरम करून एकेक काढला, एक शेवटी कापावाच लागला. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. त्यानंतर अलाइनमेंट, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर बदललेच. मशीनवर केलं, पण घरी येऊन बाबांच्या पद्धतीने दोरी लावून परत बघितलं, मागे एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला, बाबांना व्हिडिओ कॉलवर पट्टी दाखवली, ते म्हणाले दोरी ढिली आहे, आणि खरंच ढिली होती.

मग तपासणी. इथे टीयूव्ही नावाची गाड्या तपासणारी संस्था आहे, तिला सगळे ट्यूफ म्हणतात. चाकांबरोबर एक अहवाल येतो, कुठल्या गाडीवर कुठल्या अटींवर हे चाक चालेल हे त्यात बारीक अक्षरांत असतं, माझ्या चाकांच्या अहवालात मागच्या मडगार्डची कड दुमडायची अट स्पष्ट लिहिलेली होती, गॅरेजवाल्याने वाचली नाही आणि मी सुद्धा वाचली नाही. नोंद करून न घेता चाक किंवा उंची बदलली तर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच रद्द होऊ शकतो. तपासणाऱ्या माणसाने काय केलं, तर पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक उंच ठोकळ्यांवर चढवायला लावलं, गाडी तिरकी पिळली गेली, एका कोपऱ्यात चाक पूर्ण वर, दुसऱ्यात पूर्ण खाली, मग म्हणाला स्टीयरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, आणि स्वतः बॅटरी घेऊन चारही कमानींत डोकं घालून बसला. टायरची नक्षी वरून झाकलेली आहे का ते बघितलं, चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढा भाग पत्र्याखाली असावा लागतो. डिप्परच्या दिव्याची जमिनीपासून उंची बघितली, ५०० मिमीच्या खाली चालत नाही. शेवटी चारही चाकांचं मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहिलं. उद्या पोलिसाने अडवलं तर तो पट्टी काढून तेच अंतर मोजू शकतो. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. तिथून बाहेर पडताना मला जे वाटलं ते बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की जर्मनीतलं आम्हाला कशाला. म्हणून आपल्याकडचंही लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते अजून स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. कायद्याचा हेतू मला पटतो. पण पिंपरी-चिंचवडला, कोल्हापूरला, नाशिकला कुठल्याही रविवारी बाहेर पडा, खाली केलेल्या आणि चाकं बाहेर आलेल्या गाड्या दिसतातच. मनाई असल्यामुळे मुलं हे काम बंद करत नाहीत, ती ते अशा जागी करतात जिथे कुणी तपासत नाही. ग्राइंडरने स्प्रिंगचे दोन वेढे कापतात, त्या कापलेल्या स्प्रिंगा चाक हवेत लोंबलं की आपल्या बैठकीतून सुटतात आणि परत टेकताना वाकड्या बसू शकतात. हे मी स्वतः भाच्याच्या मित्राच्या गाडीत गेल्या दिवाळीत बघितलं, जॅकवर गाडी उचलल्यावर स्प्रिंग हाताने गोल फिरत होती. आणि रस्ते आपले असे, की इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट हवा, पण प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडाशी हातभर रुंदीचा उभा उंचवटा असतो. त्यावर भरलेली गाडी आपटली की चाक बंपस्टॉपपर्यंत जातंच, माझं ज्या वळणात गेलं तसं वर्षातून एकदा नाही, रोज.

सीएनजी किट बसवायची सोय याच कायद्यात आहे, मान्यता असलेलं किट, मान्यता असलेला बसवणारा, मग आरसीवर नोंद. चाकं आणि सस्पेन्शनसाठी तसाच रस्ता का नको? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, गाड्या तपासायची माणसं आणि ज्ञान आपल्याकडे आहेच, मी मांडलेली ठोकळे-बॅटरी-मोजपट्टीची तपासणी तर कुठल्याही आरटीओच्या आवारात होऊ शकते. आपला पेपर हा विषय लावून धरेल तर माझ्यासारखे अनेक जण लिहायला, मदत करायला तयार आहेत.

अजून एक, थोडं विषयाच्या कडेचं पण इथलंच. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमध्ये पोर्शचं म्युझियम आहे, माझ्या घरापासून ट्रेनने अर्ध्या तासावर. १९७३ सालच्या मॉडेलची ९११ कॅरेरा आरएस २.७ घ्या. त्यांना मागे ७ इंच रुंद चाकं हवी होती, पुढे ६ इंची, तर त्यांनी मागचा पत्राच रुंद करून घेतला. त्या काळच्या ९११ ला मागे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असायचे, पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या, त्यांना आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ खाचा, आत एक खाच एका बाजूला आणि बाहेर एक खाच दुसऱ्या बाजूला सरकवली की एक अंशाहूनही कमी फरक पडतो, उंची इतक्या बारकाईने लावायची सोय हाताशी होती. तरी रुंद चाकासाठी जागा केली ती पत्र्यात.

आपल्या लेखकांवर माझा अजिबात राग नाही, मराठीत हे विषय लिहिणारे मोजकेच आहेत आणि त्यांनी लिहीत राहावं. माझी विनंती एवढीच की ते एक वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, आणि सोबत ऑफसेटचा हिशोब आणि स्प्रिंग काढून चाक वर ढकलून बघायची पद्धत आकृतीसह छापावी. आकृती काढून द्यायला मी तयार आहे. भाच्याला मी सांगितलंय की चाकांची ऑर्डर थांबव, तुझ्या गाडीची आधी मोजमापं घे. काल रात्री त्याने पहिला फोटो पाठवला, स्टीलची पट्टी चाकाच्या मध्यावर धरलेली, बाजूला बाबा दोरी घेऊन उभे.

आपली,
एक वाचक
स्टुटगार्ट, जर्मनी (मूळ पिंपरी)